पोथीचं शीर्षासन

३ फेब्रु.
शिरगावला गुरुजींकडे. शाळेत आम्हाला संस्कृत शिकवलं, आता पंचाऐंशीचे. डावा डोळा गेला, उजवा निघायच्या तयारीत. भिंगानेही भागत नाही. एका काव्यावरचं आपलं भाष्य एकदा शेवटपर्यंत वाचायचंय. पोथीसारखी सुटी पानं, हस्ताक्षरात, तीस वर्षांचं काम. ‘दुसऱ्याने वाचलं की मला माझ्या चुका सापडत नाहीत, वसंता.’ म्हटलं, स्कॅन करून संगणकावर घालतो, अक्षर लिंबाएवढं दिसेल. शेजारची काशीताई बोंबील वाळत घालता घालता : ‘न्या. पन एक पान हरवलं तर मास्तर आमचं डोकं खातील.’

५ फेब्रु.
बोईसरहून स्कॅनर आणला. बटण दाबलं की दिवा सरकतो, घरघरतो. संगणकावर शून्य. चौदा पानं गिळली. सौ. : ‘पोटात असतील. उद्या बघा.’

६ फेब्रु.
दुकानदाराला फोन. ‘सर, मशीन का बटन मत दबाओ. कंप्यूटर से बुलाओ, तब आएगा.’ म्हणजे आवाहन! त्याशिवाय देव येत नाही, हे बोईसरच्या हिंदीतून कळावं. इतकी वर्षं संस्कृत कशाला केलं कोण जाणे. संगणकावरून बोलावलं, पहिलं पान आलं. सौ. कणकेच्या हातांनी धावत. ‘अगंबाई, गुरुजींचं अक्षर!’ तीही त्याच वर्गातली.

८ फेब्रु.
सगळी पानं झाली, दोन्ही बाजूंनी. आणि पाठची प्रत्येक बाजू उलटी! पोथीचं पान खालून वर उलटतात, गु. तसंच लिहीत गेले. मी वहीसारखं उलटलं. सौ. : ‘अर्धं भाष्य शीर्षासनात. गुरुजींना पण उलटं टांगणार का?’ आता एकेक पान सरळ करणे.

९ फेब्रु.
सरळ करता करता पान ४१, पाठची बाजू. तोच श्लोक. नववीत मी म्हणालो होतो, कवी इथे हसतोय. गु. : ‘हा शोक आहे, गाढवा.’ उरलेला तास व्हरांड्यात. आज समासात काहीतरी पुसट. कागदावर दिसलं नव्हतं, मोठं केलं. पेन्सिलीने : ‘वसंता म्हणाला ते बरोबर. हसूच आहे.’
सौ.ला दाखवलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
गुरुजींना सांगू? नको. वाचतीलच. डोळा टिकला तर.

११ फेब्रु.
संगणक घेऊन शिरगाव. गु. पडद्याला नाक लावून. पहिल्याच पानावर स्वतःची चूक सापडली, खूश. काशीताई दारातून : ‘मास्तर हसले, बगा! दिवाळीपासून हसले नाय.’

१४ फेब्रु.
पान ४१, पुढची बाजू संपली. उजव्या डोळ्यातून सारखं पाणी. मी पाठची बाजू लावणार, तोच, ‘थांब.’ मग, ‘पुढचं वाचलंस तू?’
‘नाही गुरुजी.’ गुरूपाशी खोटं. पाप लागेल, लागो.
‘मग उद्या ये. ते मीच वाचून दाखवीन तुला. आज डोळ्याला विश्रांती देतो.’
संगणक तिथेच ठेवून आलो. घरी सांगितलं. सौ. भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘उद्या मीही येते. या खेपेला वर्गात बसा.’