काचेमागे ऐकलेलं अर्धं

रालित्सा,

भरलेल्या मिरच्या ओव्हनमध्ये आहेत, दही वरच्या कप्प्यात. मी बहिणीकडे गाब्रोव्होला चाललेय, रविवारी येईन. उगाच कारणं देत नाही. तुझ्यासमोर बसून जेवायला मला तोंड नाही.

दर गुरुवारी मी सांगायचे तशी गुडघ्यांच्या मालिशला जात नव्हते. तुमच्या विद्यापीठाच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात मन मोकळं करायला जायचे. शिकाऊ मुलं उपचार करतात म्हणून मला परवडतं. एकाच बाजूने दिसणाऱ्या काचेमागे बाकीचे विद्यार्थी बसून ऐकतात हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यांत तू असशील, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

ओळखीचं माणूस दिसलं की उठून जायचं, असा तुमचा नियम आहे म्हणे. मी बाहेर आले तेव्हा तू बाकावर मान खाली घालून बसली होतीस. म्हणजे माझं पहिलंच वाक्य, "माझी भाडेकरू कॉलेजला गेली की मी चोरून तिच्या खोलीत शिरते," एवढंच ऐकून तू उठलीस.

पुढचं ऐक. तुझ्या कपाटाला मी कधी हात लावला नाही. माझी इस्क्रा वारली तेव्हापासून त्या खोलीला नुसता कोंदट वास यायचा. तू आल्यापासून माणसाचा येतो. मी लेकीच्या पलंगावर जरा टेकते, चादर सारखी करते आणि निघते.

तुझ्या खोलीची दुसरी किल्ली मिठाच्या बरणीखाली ठेवलीय, ती तुझ्याकडेच ठेव. रात्री आतून कडी लावलीस तरी चालेल. मला वाईट वाटेल, पण ते मी गुरुवारी तिकडे सांगेन.

स्तोयांकामावशी