मधोमध थांबलेला चेंडू

प्रिय तोयबूदादा,

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू "हं, हं, बरं" एवढंच बोलतोस आणि वहिनीच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस, म्हणून शेवटी लिहायला बसले. कागद काही तुला मध्येच दुसऱ्याच्या हातात देता यायचा नाही. दुपार आहे. खालच्या अत्तराच्या भट्टीत इलांगची फुलं उकळताहेत आणि त्या वासाने सगळं गाव पेंगुळलंय, आपल्या ओट्यावरच्या कोंबड्यासुद्धा. मीही जरा लवंडले होते, आणि पुन्हा तेच स्वप्न पडलं.

ते जुनं मैदान, काळ्या खडीचं. मागे कार्ताला डोंगर, तोंडावर ढग ओढून झोपलेला. मी बायकांच्या बाजूला भिंतीवर बसलेय, अंगावर लग्नातलं लाल-पांढरं वस्त्र, शिरोमणी. आणि वर चेंडू. नुसता थांबलेला. त्याची शिवण मला दिसते, एका ठिकाणी दोरा सुटलाय तोही दिसतो. खाली तू हात वर करून उभा, आणि तुझ्या शेजारी माझा नवरा मलाइली, तोंड अर्धवट उघडं. कुणी हलत नाही. समुद्राचा आवाजही येत नाही. मी म्हणते, पड ना रे बाबा एकदाचा! पण तो पडत नाही. जाग येते तेव्हा माझ्या मुठी आवळलेल्या असतात. खरा चेंडू केव्हाच पडला, दादा, सगळ्या गावाने पाहिला. माझ्या स्वप्नातला मात्र अजून वरच आहे.

काय दिवस होते ते! बेटं नुकतीच स्वतंत्र झालेली, झेंडा नवा कोरा, आणि फुटबॉलचा संघ म्हणजे काय, तर आपल्या गावचे चार, राजधानी मोरोनीचे पाच, आणि दुसऱ्या बेटांवरून बोटीतून ओकत ओकत आलेले बिचारे. प्रत्येक बेटाला वाटायचं, आपलीच पोरं घ्या. बूट तर एकमेकांचे घालायचात. तुझे मलाइलीला मोठे व्हायचे म्हणून तो पुढे नारळाचा काथ्या कोंबायचा. शेजारच्या बेटांच्या स्पर्धेला गेलात तेव्हा तिथल्या बँडवाल्यांना आपलं राष्ट्रगीत वाजवताच येईना, मग तुम्ही छातीवर हात ठेवून स्वतःच म्हटलंत, आणि मधलं कडवं निम्म्यांना येत नव्हतं. तू परत आल्यावर ते सोंग करून दाखवलंस आणि आई हसता हसता चुलीपाशी खाली बसली. मार खाऊन यायचात, दर वेळी. पण बंदरावर माणसं हार घेऊन उभी असायची. कुणीतरी आपलं नाव घेऊन मैदानात उतरलं, एवढंच आम्हाला पुष्कळ होतं.

पुढे संघाला गोंबेसाचं नाव पडलं तेव्हा तू मार्सेयहून फोनवर केवढा चिडला होतास! "खायला नालायक, तेलकट मासा! दुसरं काही मिळालं नाही?" मलाइली इथे माझ्या शेजारीच होता. तो हळूच म्हणाला, "त्याला सांग, सगळं जग म्हणत होतं हा मासा कधीचा संपला. तो आपल्याच बेटाखाली अंधारात निवांत होता." मी तुला ते सांगितलं नाही, कारण त्याचं नाव काढलं की तू फोन ठेवायचास.

आपल्या संघाची एक गोष्ट मात्र कुठल्याही पाहुण्याला कळली नसती. ज्याचा आंदा झाला, गावजेवणाचं थोरलं लग्न झालं, तो पूर्ण माणूस. ज्याने अजून गावाला जेवू घातलं नाही, नवरीला सोन्याने मढवलं नाही, काळा सोनेरी काठाचा झगा घालून वरातीत चालला नाही, तो साठीचा असला तरी गावचं पोर. पोराने चौकात बोलायचं नाही, बाकावर बसायचं नाही, वडीलधाऱ्यांच्या ताटात हात घालायचा नाही. हे आपण मैदानातही नेलं. बसमध्ये पुढच्या जागा पूर्ण माणसांच्या. कॉर्नर मारायचा तर पूर्ण माणूस मारणार, मग त्याचा पाय वाकडा का असेना. कुणी नियम केला नव्हता रे. आपल्याला तसंच चालायची सवय होती, श्वासासारखी.

त्या वर्षी तुझा आंदा झाला. झग्याची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. आणि त्याच्याच आसपास तूच आमचा छोटा घरगुती निकाह लावून दिलास, तुझ्या जिवलग दोस्ताशी. म्हणालास, "चांगला माणूस आहे. आंदा करील सावकाश. तोवर तुझ्या घरात भांडी घासू दे." किती हसलो होतो आपण तिघं!

आता त्या दिवसाचं बोलते. कान झाकू नकोस. पाहुणा संघ आपल्याहून दुप्पट तगडा होता, तरी खेळ संपत आला तोवर बरोबरी टिकली होती, आणि बरोबरीवर आपण पहिल्यांदाच पुढच्या फेरीत गेलो असतो. तेवढ्यात लांबून उंच चेंडू आला. साधा, पोरासोरानेही थोपवावा असा. तू गोल सोडून पुढे आलास. मलाइली त्याच्याखाली आधीच उभा होता, डोक्याने बाहेर काढणार होता. त्याने फक्त ओरडायचं होतं, "सोड, माझा!" जगात सगळीकडे ओरडतात. पण तू पूर्ण माणूस आणि तो पोर. भर मैदानात, आख्ख्या गावासमोर, पोराने पूर्ण माणसाला "सोड" म्हणायचं? त्याची जीभ उचललीच नाही. आणि तू ओरडला नाहीस, कारण पूर्ण माणसाला ओरडावं लागत नाही, समोरच्याने आपणहून वाट द्यायची असते. तू त्याने सरकायची वाट पाहिलीस, तो तुझ्या हुकमाची. लग्नघरात दोन व्याही "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत दारात अडकतात ना, तसे अगदी अदबीने उभे राहिलात, आणि चेंडू तुमच्या मधोमध टप्पा घेऊन जाळ्यात गेला.

हरण्याचं दुःख कुणालाच फारसं झालं नसतं, सवयीचं होतं ते. पण संध्याकाळी चौकात लोक तुझी फिरकी घ्यायला लागले. "काय तोयबू, चेंडूला सलाम ठोकत होतास का?" तुला लागलं. नव्या झग्यातला माणूस तू. उठलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "बचावात पोरगं ठेवलं की असंच व्हायचं. ज्याला घरात आवाज नाही तो मैदानात काय ओरडणार?" चौक हसला. मलाइली कडेला उभा होता, पोरांच्या रांगेत, उत्तर द्यायचा हक्क नसलेला. घरी येऊन मला म्हणाला, "सित्ती, मी ओरडलो असतो तर बरं झालं असतं का गं?" मी म्हटलं, "मग ह्याच चौकात उद्धट म्हणून सोलून काढला असता तुला." "म्हणजे दोन्हीकडून मार," असं म्हणाला आणि हसला.

तू त्याच मोसमात मार्सेयला निघून गेलास. सुट्टीत येतोस, सगळ्यांच्या लग्नांना जेवतोस, पण आईच्या घरात, जे आता माझं आहे, तिथे उंबऱ्याबाहेरूनच "बरी आहेस ना" विचारून जातोस. बहिणीचं घर ते, दादा. आपल्याकडे भावाचा मान जिथे सगळ्यात मोठा, तिथे तू उन्हात उभा राहतोस. आणि इकडे हा हट्टी! "ज्या मोठेपणापायी गोल खाल्ला तो मला नको," म्हणून आंद्याचं नावच काढू दिलं नाही त्याने. दाढी पांढरी झाली तरी दुसऱ्यांच्या लग्नात खुर्च्या उचलतोय, पोरांच्या ताटात जेवतोय. मला राग यायचा रे. तुमच्या दोघांचाही. चेंडू तो एवढासा, आणि त्याने माझं सगळं माहेर अडवून धरलं.

संघाने मात्र आपली वाट सोडली नाही. जगाच्या यादीत आपलं नाव लागायला पुष्कळ वर्षं गेली. लागलं तेही तळाशी. मलाइली पहाटे मासे धरायचा, आणि सामना असला की होडी बांधून तो बघायला मोरोनीला. हरून यायचा, गुणगुणत यायचा. मग तुमच्या तिकडची पोरं यायला लागली, मार्सेयच्या गल्ल्यांत जन्मलेली. आपली भाषा तोडकी, नावं मात्र आपल्या आजोबांची. गावात नाकं मुरडली लोकांनी. "ह्यांना आंदा माहीत नाही, हे काय बेटांसाठी खेळणार!"

पहिल्यांदा ती पोरं बघायला मीही गेले होते. एक उंच चेंडू आला, दादा, अगदी तसाच. बचावात आपल्या शेजारच्या गावचा थोराड गडी, आदल्याच सुट्टीत आंदा झालेला. आणि गोलात एक मिसरूड फुटलेलं मार्सेयचं पोरगं. ते आपल्या मोडक्या भाषेत असं काही बोंबललं, "सोड! सोड! माझा!" माझ्या शेजारच्या बाईने तोंडावर हात घेतला, "अगं बाई, कुणाला ओरडतोय हा!" आणि तो पूर्ण माणूस, तो मुकाट्याने खाली वाकला, बाजूला झाला. पोराने चेंडू छातीशी धरला. मग त्या गड्याच्या पाठीवर थाप मारली की रे, सख्ख्या भावाला मारावी तशी! मी वळून पाहिलं तर मलाइली उभा राहून ढसाढसा रडत होता. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं.

मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा आपलं नाव आलं त्या दिवशी तुझा फोन आला होता, आठवतंय? गावात ढोल, बायका छपरावर, मला काही ऐकूच येईना. तू नुसता हुंदके देत होतास. मलाइलीने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "दादा?" तू ठेवून दिलास. तो कितीतरी वेळ फोन कानाला लावून उभा होता. मग मला म्हणाला, "लाईन खराब आहे." मला खोटं सांगता येत नाही, त्याला तर माझ्याहूनही नाही.

आता बातमी. तुला वहिनीकडून कळलीच असेल. येत्या ऑगस्टमध्ये आमचा आंदा आहे. होय, ह्या वयात! आमच्या नासिमाचं लग्न ठरलंय, आणि बापाचा आंदा झाल्याशिवाय लेकीच्या वेळी बापाला तोंड उघडता येत नाही. "माझं झालं ते झालं, पण पोरीच्या लग्नात मुका उभा राहणार नाही," म्हणाला. घराला चुना मारलाय. शेजारणी लाडवांसाठी तांदूळ दळताहेत आणि माझी चेष्टा करताहेत, "नवरीबाई, गुडघ्याला तेल लावा, वरातीत चालायचंय." आपल्या घराण्यात नवऱ्याला हात धरून उंबऱ्याच्या आत घेतो तो नवरीचा थोरला भाऊ. मला थोरला भाऊ एकच आहे.

आणि तू येणार नाहीस, हेही मला कळलंय. वहिनी बोलली, तिच्यावर रागावू नकोस. तुला भीती वाटते. आंद्यानंतरच्या शुक्रवारी नव्या पूर्ण माणसाला चौकात उभं करतात, आयुष्यात पहिल्यांदा बोलायला. तुला वाटतं, तो इतकी वर्षं दाबून ठेवलेलं उत्तर सगळ्यांसमोर तुझ्या तोंडावर मारणार. गावालाही तेच वाटतं. लोक आतापासून विचारताहेत, तोयबू येणार ना? तमाशा बघायचाय मेल्यांना.

म्हणून हे पत्र, दादा. परवा पहाटे मी त्याला न्याहारी द्यायला खडकांवर गेले. होडी बांधलेली, जाळं तसंच, आणि हा समुद्राकडे तोंड करून भाषणाची तालीम करत होता. मी मागे थांबले. आधी वडीलधाऱ्यांना सलाम, मग आईबापांची नावं, मग अडखळला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अडखळला. मग सगळं सोडून दिलं, छाती भरून घेतली आणि लाटांवर ओरडला, "सोड, दादा! माझा!" इतक्या मोठ्याने की बगळे उडाले. मला बघून लाजला. म्हणाला, "चौकात एवढंच बोलणार आहे. बाकीचं विसरायला होतं. हे नाही विसरत." मी विचारलं, "आणि तोयबू आलाच नाही तर?" तो भाकरी मोडत राहिला. मग म्हणाला, "मग कुणाला ओरडू?"

ये रे. तुला काही बोलायचं नाही, माफी नाही, काही नाही. फक्त त्याच्यासमोर उभा राहा, आणि तो ओरडला की हात खाली घेऊन एक पाऊल बाजूला हो. मी भिंतीवर शिरोमणी घालून बसलेली असेन, आणि तो चेंडू खाली येताना बघेन.

उंबऱ्याच्या आत तुझी वाट बघणारी,
तुझीच सित्ती