सव्वादोन फेऱ्यांचे स्टिअरिंग

प्रति,
मा. वाहन निरीक्षक (तांत्रिक तपासणी),
वाहन नोंदणी कार्यालय,
खिडकी क्रमांक चारच्या मागील खोली.

विषय : घरी बांधलेल्या गाडीच्या स्टिअरिंगविषयीची तक्रार मागे घेणे, सोबत दिलेला चुकीचा तक्ता रद्द करणे आणि वाहन चालविण्याचा परवाना जमा करून घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दिनांक ३ जून व २१ जुलैचे तक्रार अर्ज.
२) आपला दिनांक ९ ऑगस्टचा तपासणी अहवाल, शेरा : "गाडी सरळ चालते."

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला, गिअर कापणारा कारागीर आहे. त्याने घरामागच्या शेडमध्ये अकरा वर्षे खपून एक उघडी, बुटकी, दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी बांधली आहे. गाडी आपल्या परिचयाची आहे. आपण तिच्यात दोनदा बसला आहात आणि दोन्ही वेळा बाहेर येण्यासाठी आपणांस हात द्यावा लागला होता.

२. सदर गाडीस प्रथम एका जुन्या मोटारीचे स्टिअरिंग बसविले होते. चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळविण्यासाठी त्याचे साडेतीन फेरे करावे लागत. अर्जदाराची पत्नी बावीस वर्षे शाळेची गाडी चालवीत होती. ती शेजारी बसून प्रत्येक वळणावर म्हणे, "गाडी चालवताय की दळण दळताय?" हे मनाला लागल्याने अर्जदाराने स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचे सहा दातांचे पिनियन, म्हणजे लहान दंतचक्र, काढून स्वतः कापलेले आठ दातांचे बसविले, चाकांकडचे दांडे आखूड केले आणि फेरे सव्वादोनवर आणले. यासाठी लागलेले पाच महिने हे अर्जदाराच्या निवृत्तीनंतरचे सर्वांत आनंदाचे महिने होते, हे विषयास सोडून असले तरी नमूद करणे भाग आहे. मनगट वळविले की गाडी वळू लागली.

३. परंतु सरळ रस्त्यावर ती थरथरू लागली. अर्जदाराने हयातभर मिलिमीटरच्या एका शतांशाचा फरक बोटाने ओळखला असल्याने दोष धातूत आहे याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याने बेअरिंग बदलले, सांधे बदलले, टायर बदलले, शेवटी पुढचा सांगाडाच पुन्हा जोडला. गाडी थरथरतच राहिली. त्यानंतर आपणाकडे तक्रार केली की, सुटे भाग विकणाऱ्या दुकानावर कारवाई व्हावी. आपण गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत नेलीत, एका हाताने परत आणलीत आणि "सरळ चालते की हो," असे म्हणालात. त्यावर अर्जदाराने दुसऱ्या अर्जात आपण गाडी भीतभीत चालविलीत असे लिहिले. ते वाक्य मागे घेण्यात येत आहे. आपल्या लिपिकाने "आजोबा, अर्ज चालत्या बसमध्ये लिहिलात काय?" असे विचारले होते, त्यावरून खिडकीपाशी झालेल्या आरडाओरड्याबद्दलही अर्जदार माफी मागत आहे. लिपिकाचा प्रश्न बरोबर होता.

४. आता मुख्य बाब. दुसऱ्या अर्जासोबत मोजमापाचा एक तक्ता जोडला होता. गाडीचे पुढचे टोक जॅकवर उचलून, चाकाच्या कडेला केसाएवढी हालचालही काट्याने दाखविणारे डायल गेज टेकवून, अर्जदार आसनावर स्टिअरिंग सरळ धरून बसला होता आणि पत्नी चाकाजवळ उकिडवी बसून काटा वाचत होती. दर वेळी ती काट्याकडे पुन्हा एकदा पाही आणि मग "शून्य" म्हणे. असे बारा वेळा झाले. चालकाचे हात स्थिर असल्याचा पुरावा म्हणून ती बारा शून्ये आपणांस सादर करण्यात आली. ती खोटी आहेत.

५. हे असे उघडकीस आले. आपला अहवाल हाती पडल्यावर अर्जदाराने पत्नी बाजारात गेली असताना तेच मोजमाप एकट्याने घेतले. आसनावरून डायल दिसत नाही, म्हणून दाढीचा आरसा विटेला टेकवून समोर ठेवला. आरशात काटा शून्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस घरे नाचत होता. अर्जदाराने हात काढले, काटा थांबला. हात ठेवले, काटा नाचू लागला. पत्नी पिशव्यांसकट शेडच्या दारात येऊन उभी राहीपर्यंत हेच चालू होते. तिने पिशव्या खाली ठेवल्या, आसनावर बसून स्टिअरिंग धरले आणि अर्जदाराने पहिल्यांदा खरोखरीचे शून्य पाहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हे. विचारले असता ती एवढेच म्हणाली, "तुम्ही मोजलं नाही तर ते नसेलच, असं वाटलं हो मला." कार्यालयास खोटी माहिती पुरविल्याबद्दल तिच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये, ही कळकळीची विनंती आहे. हा अर्ज अर्जदार सांगत असून पत्नी लिहीत आहे. हा परिच्छेद लिहिताना तिने दोनदा पेन खाली ठेवले.

६. गेली दोन वर्षे घरात चहा अर्धाच कप मिळत असे. साखर कमी करण्यासाठी हे चालले आहे असे अर्जदार धरून चालला होता आणि त्यावरून घरात बरेच वादही झाले. कप अर्धा होता तो सांडू नये म्हणून. जुने स्टिअरिंगही तेच करीत होते. साडेतीन फेऱ्यांच्या ढिलाईत हातांचा थरथराट जिरून जात होता. स्टिअरिंग चपळ केले आणि ते खरे बोलू लागले. डॉक्टरांनी या थरथरीला नाव दिले आहे, ती कमी होणार नाही असेही सांगितले आहे. नाव या प्रकरणी आवश्यक नाही.

७. आपल्या अहवालाच्या शेवटी आपण मोठ्या मनाने सुचविले आहे की, जुने पिनियन परत बसविल्यास गाडी अर्जदारास चालविता येईल. हे खरे आहे. ते पिनियन तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेले आहे आणि ते बसवायला एक दिवस पुरेल. कालची सबंध दुपार अर्जदार ते मांडीवर घेऊन बसला होता. बसविले तर आणखी वर्षभर गाडी हाकता येईल, कोणाला काही कळणार नाही. पण शेजारच्या आसनावर पत्नी बसते. शिवाय आठ दातांचे पिनियन हे या हातांनी केलेले सर्वांत चांगले काम आहे आणि शेवटचेही आहे, कारण तसे आता पुन्हा कापता येणार नाही. ते काढून कपाटात ठेवायचे आणि स्वतः चालवीत राहायचे, हे अर्जदारास पटत नाही. अर्जदारास फार दुःख होत आहे. यासाठी कार्यालयीन शब्द शोधला, तो सापडला नाही.

८. तरी विनंती की, दोन्ही तक्रार अर्ज निकाली काढून दुकानदारास दोषमुक्त करावे. गाडीच्या नोंदीत स्टिअरिंगचे सव्वादोन फेरे कायम ठेवावेत. मालकी पत्नीच्या नावे करावी. अर्जदाराने अकरा वर्षांत तिला त्या आसनावर एकदाही बसू दिले नव्हते, ती चूक यानिमित्ताने दुरुस्त होईल. बांधणारा म्हणून अर्जदाराचा उल्लेख राहावा. तसा रकाना नसल्यास कोपऱ्यात शेरा मारला तरी चालेल. आणि अर्जदाराचा परवाना रद्द करून तसा लेखी आदेश टपालाने घरी पाठवावा. हे सांगण्याचे काम घरातल्या माणसावर येऊ नये, एवढ्यासाठीच आदेश हवा आहे.

या कामी आपण दोनदा त्या बुटक्या गाडीत उतरण्याचे कष्ट घेतलेत, त्याची जाणीव ठेवून,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार
दिनांक : २६ ऑगस्ट

टीप : वरील सही कार्यालयातील नमुना सहीशी जुळणार नाही. दोन्ही सह्या अर्जदाराच्याच आहेत. खात्रीसाठी खाली पत्नीने सही केली आहे.
(सही)

सोबत :
१) दुरुस्त केलेला तक्ता, पत्नीच्या अक्षरात. यातील आकडे खरे आहेत.
२) वाहन चालविण्याचा मूळ परवाना.
३) सहा दातांचे जुने पिनियन, एक नग, फडक्यासह. हे कार्यालयाने ठेवून घ्यावे. अर्जदार पुढेमागे स्वतः येऊन मागू लागला, रीतसर अर्ज केला, खिडकीपाशी पुन्हा आरडाओरडा केला, तरी ते त्याला देऊ नये.