वुकाशिनला जायचं तांब्याचं भांडं

मी, डॉक्टर ल्युबिवोये पेत्रोनिएविच, राहणार वाल्येवो, माजी मानसोपचारतज्ज्ञ, माजी खासदार, माजी राजदूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला मीच देत आहे. गावातले बाकीचे मानसोपचारतज्ज्ञ माझे विद्यार्थी. त्यांना ही संधी द्यायची नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी इस्क्रा हिला. रुग्णांचा कोचही तिलाच. त्याच कोचावर मतदारांना बसवून मी त्यांची दुःखं ऐकली नि निवडून आलो. संसदेत मात्र माझं कोणी ऐकेना; वेड्यांच्या इस्पितळात निदान वाक्य पुरं करू देत.

२. राजदूताचा काळा कोट, पदकांसह, मळ्यातल्या बुजगावण्याला. परदेशात त्या कोटात मी तेवढंच काम केलं.

३. आलुबुखारांची ब्रँडी गाळायचं तांब्याचं भांडं वुकाशिनला. तो माझा कूम, म्हणजे लग्नातला साक्षीदार नि इस्क्राचा धर्मपिता. सख्ख्या भावाहून जवळचा. आमचा अबोला आहे. संत लुकाच्या दिवशी, आमच्या घरच्या स्लावाला, म्हणजे कुलसंताच्या सणाला, कोणाला बोलावत नसतात. आपलं माणूस आपण होऊन येतं. मी राजदूत झालो तेव्हा कचेरीने सोनेरी कडांची आमंत्रणं छापली. एक वुकाशिनला गेलं. तो फोनवर गरजला, "तुझ्या दारात यायला मला आता कार्ड लागतं काय रे? परका झालो?"

"अरे, राजशिष्टाचार असतो तो!"

"घाल चुलीत तुझा शिष्टाचार!"

तेव्हापासून त्याची खुर्ची रिकामी. मी माफी मागणार नाही. पण त्याच्यावाचून ब्रँडी घशाखाली उतरत नाही, हेही खरं. अट एकच: भांडं त्याने स्वतः येऊन न्यावं. मी जिवंत असताना आला तर उत्तम.

पुरवणी: एवढं लिहितो तोच वुकाशिन दारात. डॉक्टर मृत्युपत्र लिहितायत, हे शेजारच्या स्ताम्येन्काने गावभर केलं होतं.

"मेलास की काय रे?"

"अजून नाही."

त्याने कागद ओढून वाचला. "भांडं मला? निर्लज्जा, ते माझंच आहे! इस्क्राच्या बाप्तिस्म्याला नेलंस, ते अजून आणून देतोयस!"

खरंच त्याचं होतं. सबब कलम ३ रद्द. आता त्याला काहीच मिळत नसल्याने तो कायद्याने साक्षीदार होऊ शकतो. सही करायला तो त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसला. माझे डोळे भरून आले.

वाल्येवो, १२ ऑक्टोबर २०१९
(सही) ल्युबिवोये पेत्रोनिएविच

साक्षीदार: स्ताम्येन्का योकिच. गावभर केलं नाही, फक्त बेकरीत सांगितलं.

साक्षीदार: वुकाशिन त्रिफुनोविच. भांडं नेत नाही. उद्या आंबवलेली आलुबुखारं घेऊन येतो, लाकडं फोडून ठेव.