स्वतःहून

प्रिय केवळा,

लिंबाजी मास्तरांकडून लिहवून घेतलेलं आईचं पत्र काल पोचलं. नामांतराच्या दंगलीत परभणीच्या गाड्या बंद होत्या, म्हणून एवढा उशीर. तू सासरच्या विहिरीत उडी टाकलीस, लोकांनी जिवंत वर काढलं आणि आता पेडगावला आईजवळ आहेस, एवढं कळलं. आणि मी इथे अमेरिकेत उंदीर मारतोय.

खरंच मारतो गं. शेपटी धरायची, मानेवर पेन्सिल दाबायची आणि हिसका द्यायचा. या उंदरांतला एक जनुक आम्ही प्रयोगशाळेत जन्माआधीच बंद पाडलाय. तो पेशीला सांगत असतो, मरू नको. तो नसला तरी पिल्लू धडधाकट जन्मतं, पण मग वाढ खुंटते, काळे केस पांढरे होतात, मूत्रपिंडात पाण्याचे फोड धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे नुसते तुकडे दिसतात. बाहेरून कुणी मारलेलं नसतं, पेशी स्वतःहून मरते.

तुझा सासरा पंचांपुढे हेच म्हणाला म्हणे, "तिनं सोताहून उडी टाकली, आमी काय ढकललं न्हाई." माझं डोकंच फिरलं. तुझ्या नवऱ्यानं, त्या येडबानं तुझं मनगट मोडलं, मेंढ्यांच्या वाड्यात खुंट्याला बांधून चामडी सोलली, तेही तू स्वतःहूनच केलंस का? चोविसाव्या वर्षी कानशिलं पांढरी झाली तुझी. तुझ्या सासरच्या त्या अख्ख्या चारठाण्यात तुला मरू नको म्हणणारं एक माणूस नव्हतं, हे पंचांना कुणी विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू, पेन्सिल दाबताना मला येडबाची मान दिसते. हाताला सवय झालीय. तो समोर असता तर मी सोडला नसता.

आईनं लिहिलंय, होळी झाली की तो न्यायला येणार आणि ती तुला धाडणार. "नांदायला तर जायाच लागतंय, लोकं काय म्हनतील?" तिची माया आहे तुझ्यावर, पण तिलाही असंच मार खायला परत धाडलं होतं. म्हणून हे पत्र तुझ्या नावानं टाकतोय, तूच वाच. जाऊ नकोस. तो दारात आला तर कुत्री सोड, धोंडा उचल, नरडं फाटेस्तोवर ओरड. वाळीत टाकतील, टाकू देत. नवरा सोडलेली म्हणतील, वाईट चालीची म्हणतील, म्हणू देत. मला तू चांगली नकोस केवळा, जिवंत पाहिजेस.

तुझाच,
बिरूदादा