देवाला बोललेली कोंबडी

सुपा,
ता. ९ ऑक्टोबर १९४६

ती. सौ. मरियाताईस, साराचा सप्रेम सलाम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. बाबू तापातून उठला, आता दिवसभर भूक भूक करतो. त्याचा ताप उतरेना तेव्हा, कापणीच्या सणाला घरातली सगळ्यात चांगली कोंबडी देवळात देईन, असं मी देवाला बोलले होते, ते तुला ठाऊकच आहे. सण येत्या रविवारी आहे. देवळात आलेल्या वस्तूंचा लिलाव दरवर्षी आमचे हेच करतात, मिशनच्या शाळेचे मास्तर म्हणून.

पण आपल्या कवडी कोंबडीचं काहीतरी बिघडलंय. आधी मऊ, नुसत्या सालीची अंडी घातली, आणि कालपासून काहीच नाही. शेपूट पाडून, अंग फुगवून कोपऱ्यात उभी राहते आणि कुंथते. शेजारणी म्हणाल्या, खुडूक झाली असेल, गार पाण्यात बुडवा, अंड्यावर बसायचं खूळ उतरेल. आज दोनदा बुडवली. काळीचं मात्र उत्तम चाललंय, बाबूला रोज तिचंच अंडं देते. तू तर कोंबड्यांतच म्हातारी होणार. हसू नकोस, उपाय लवकर कळव.

दाजींना सलाम, मुलांना पापा. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सारा

अकोले,
ता. ११ ऑक्टोबर १९४६

चि. सौ. सारास, मरियाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसू नकोस म्हणालीस म्हणून आधी पोटभर हसून घेतलं. आता नीट ऐक. खुडूक कोंबडी खुराड्यातून उठत नाही, हात घातला तर फिस्कारून चोच मारते. ती कुंथत नाही. तुझ्या कवडीचं अंडं अडलंय. गार पाणी अगदी बंद कर. घमेल्यात सोसवेल इतकं ऊन पाणी घेऊन तिला पोटापर्यंत बसव, निवलं की बदल. मग बोटाला एरंडेल लावून शेपटाखाली हलक्या हाताने चोळ आणि पाटीखाली झाकून उबेला ठेव. पोट दाबायचं नाही. अंडं आत फुटलं तर कोंबडी गेली. बरी झाली की अंड्याची टरफलं भाजून, कुटून दाण्यात घालत जा. तू ती चुलीत टाकत असशील, मला माहीत आहे.

आणखी एक. तिला देवळात नेऊ नकोस. काळी दे. जिवावर आलं तरी तीच दे, कारण देवाला तू सगळ्यात चांगली बोललीस.

आमोसरावांना सलाम. मोठ्या बहिणीचं बोलणं टोचलं तरी माया तीच समज.

मरियाताई

सुपा,
ता. २४ ऑक्टोबर १९४६

ती. सौ. मरियाताईस, साराचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं, सण आदल्या दिवशीच झाला होता. ताई, मी कवडी दिली.

यांना म्हणाले, हीच ती. सणाच्या गडबडीत यांनी तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. बाबूचं अंडं, बाबूचं अंडं, असं मी मनाशी घोकत होते, पण खरं म्हणजे काळी सोडवत नव्हती. लिलावात यांनी कवडी उंच धरली आणि आमच्या घरातली सगळ्यात चांगली कोंबडी म्हणून पुकारलं. तिची मान लोंबत होती. कोणी बोली लावेना. हे दुसऱ्यांदा पुकारताना चाचरले. मी बायकांत पदराचं टोक चावत बसले होते. तेवढ्यात मागून दगडाबाईंनी बोली लावली. या आमच्या देवळाची झाडलोट करतात, विधवा आहेत, लेक बाळंतपणाला आलीय. मला केवढं हायसं वाटलं! आता त्या हायसं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

पत्र वाचलं आणि एरंडेल घेऊन धावले. दगडाबाई कवडीला फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तू लिहिलंस तसं दोघींनी केलं. दिवस मावळता पाटी उचलली तर गवतावर अंडं, आणि कवडी पाण्याच्या वाटीकडे निघालेली.

मग मी सांगायला तोंड उघडलं, की मी हे जाणूनबुजून केलं. त्यांनी पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाल्या, आजारी हाय ते लांबूनच दिसलं हुतं बाई, पर मास्तरांचा हात वर तसाच ऱ्हायला हुता, म्हून बोली बोलले. आणि ते अंडं धुऊन, बाबूला न्या म्हणून माझ्याच हातात दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काळी घेऊन गेले. ती त्यांनी घेतली नाही. देवाला बोललाय ती देवालाच द्या, म्हणाल्या, पुढल्या सणाला.

यांना मी सगळं सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून काळीचं अंडं हे स्वतः खुराड्यातून काढतात आणि शाळेला जाताना दगडाबाईंच्या लेकीला नेऊन देतात. मी दारातच उभी असते. वाटी झाकून, माझ्याकडे न बघता पुढे जातात.

लोभ मागायला आज तोंड नाही, तरी असू दे.

तुझी,
सारा