हळद लागलेलं पाखरू

आव्वा, बांधावरच्या लिंबावर तू चढवलेल्या गुळवेलीवरनं आपल्या घरात बोलणं बंद पडायची येळ आली होती. डाळिंब पिकायला लागलं की त्याला सुईएवढं भोक पडतंय, भोवतीनं मऊ होतंय, मग फळ खाली. पोरगं म्हनलं, रातचा रस पिणारा पतंग हाय, पाखरू, त्येच्या अळ्या गुळवेलीच्या पाल्यावर वाढत्यात, वेल काढा. मी म्हनलं, तुज्या आज्जीनं त्याच वेलीचा काढा पाजून निम्मं गाव तापातनं उठवलंय, गप बस.

पण ते पाखरू वळखायला मला तूच शिकवलंस की. ल्हानपनी वाळक्या पाल्यात मला वाकवून उबं केलं होतंस. "वारं न्हाय, तरी कुटलं पान हलतंय ते बघ." मला सगळी पानंच दिसत्यात. तपकिरी, मधी शीर, कड कुरतडल्यागत. तू काडीनं टोचलंस, तसं त्यातलं एक पान उघडलं. आतला पंख वल्या हळदीसारखा, त्यावर विळ्यासारखा वाकडा काळा डाग. मी चप्पल उचलली तर मनगट धरलंस. "हळद लागलीय तिला. नवरीला कुणी मारतंय व्हय?" तवा आपल्याकडं डाळिंब कुटं होतं? ज्वारीला ते काय करनार?

आज सकाळी पोरगं कोयता घेऊन लिंबाखाली उबं. मी काडीनं वेलीखालचा पाला उकरत गेलो. मनात म्हनत होतो, घावू नगं. एक पान हललं. टोचलं. हळद, वाकडा डाग. सून मागनं म्हनली, "मामा, ह्येच का?" पोरगं म्हनलं, "अण्णा, तुमी सांगितल्याबिगर मी हात लावत न्हाय. पण डाळिंबाची तोड आलीय." मग मी पाखरू चपलेखाली चिरडलं, कोयता त्याच्या हातातनं घेतला आणि वेल बुडातनं मीच तोडली. घाम फुटला, पण दुसऱ्याला तोडू दिली न्हाय.

सगळी वेल जाळली म्हनून घरात सांगितलंय. तुला हे पोचनार न्हाय, म्हनून बोलतो. एक हातभर कांडी मी धोतरात खोचून आनली. पोरानं बघितलं आणि तोंड फिरवलं. रांजणामागं ठेवलीय. हितं लावली तर परत तेच व्हनार, एवढं मला कळतंय. लावली न्हाय, आव्वा. फेकलीबी न्हाय.